वाडीत एकाने थांबायचं

नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही आम्हाला भारतात पाहायलाच हवीत अशा ठिकाणांची नावं वाचून दाखवलीत. पहिला ताजमहाल, मग जयपूर, काशीचे घाट, केरळ, खजुराहो, हंपी आणि पुढे बरंच काही. डिसेंबरात तुम्ही येणार आहात आणि आम्हा दोघांना घेऊन आग्र्याला जायचं तुम्ही परस्पर ठरवूनही टाकलंत. त्यावर आजोबा म्हणाले, "आजी येईल, मी थांबतो. नाहीतर मी येतो, आजी थांबेल." तुम्ही हसलात. धाकटीने विचारलं, "आजोबा, ताजमहालात एका वेळी एकच म्हातारा माणूस सोडतात का?" आजोबाही हसले आणि फोन माझ्या हातात देऊन विहिरीवरची मोटर बंद करायला गेले.

ते विनोद करत नव्हते. फोनवर ते समजावून सांगणं मला जमलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही तिकिटं काढायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं. आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं, तुम्हालाही इंग्रजी वाचणं सोपं गेलं असतं; पण वाडीतलं काही सांगायला घेतलं की माझं इंग्रजी दाराशीच थांबतं. तेव्हा हे मराठीत. अडेल तिथे बाबांना विचारा.

आधी मुद्द्याचं सांगते. तुम्ही वाचलेली जवळजवळ सगळी ठिकाणं आमच्या घरात पाहून झाली आहेत. पण त्यातलं एकही आम्ही दोघांनी मिळून पाहिलेलं नाही. उत्तर बहुतेक आजोबांच्या वाट्याला आली, दक्षिण माझ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण परगावी एका खोलीत आम्ही कधी एक रात्रही काढलेली नाही. ही तक्रार नाही, हकिकत आहे. पण आता मला एकदा, त्यांचे गुडघे चालताहेत तोवर, त्यांच्याबरोबर कुठेतरी जायचं आहे. हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "आणि वाडीत कोण थांबणार?"

हा प्रश्न या घरात माझ्याआधीपासून आहे.

वाडी तुम्ही पाहिली आहे ती सुट्टीतली. नारळ, केळी, मोगरा, मध्ये विहीर आणि विहिरीच्या पलीकडे धाकट्या जाऊबाईची वाडी. विहीर दोघांची. पण आमच्या घराचं पोट भरलं ते पानवेलींवर. विड्याचं पान. पानाची वेल फार नखरेल. तिला ओल हवी, पण साचलेलं पाणी नको. सावली हवी, पण काळोख नको. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं तर पान सांगतं, आणि पाणी जास्त झालं तर पान काहीच सांगत नाही, मुळाशी कूज लागते आणि मग एक दिवस रांगच्या रांग मान टाकते. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही, परगावाहून आलेल्याने आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा बी.ए. झालेली होते आणि हे सगळं मला अंधश्रद्धा वाटायचं. पुढे कळलं की चपलांबरोबर रोग येतो, आणि माझ्या सासूबाईंना ते शब्दांत सांगता येत नव्हतं एवढंच.

माझ्या लग्नाच्या वेळी आळीतल्या एका घराशी आमचं बोलणं नव्हतं. सख्खे चुलत. लग्नात त्यांची पंगत उठली की मग आमची बसायची. कारण विचारलं तर कुणी धड सांगेना. शेवटी सासूबाईंनी सांगितलं. एकदा सगळं घर लग्नाला बाहेरगावी गेलं होतं आणि सासऱ्यांच्या त्या चुलतभावाला पाणी लावायला सांगितलं होतं. परत आले तर वेली कुजलेल्या. सासरे म्हणाले, जास्त लावलंस. तो म्हणाला, तुमच्याच वेलीत आधीपासून रोग होता. कुणाचं खरं, ते वेलींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं आणि वेली तर गेल्या होत्या. पुढे त्या घराशी बोलणं सुरू झालं, येणंजाणं झालं, पण पाणी लावायला मात्र पुन्हा कुणी कुणाला सांगितलं नाही. वेल मेली तर माणूस तुटतो, म्हणून माणूस टिकवायचा तर घरातल्याच एकाने थांबायचं. एवढाच तो नियम. आम्ही दोघांनी तो कधी मोडला नाही.

म्हणून लग्नानंतर महाबळेश्वर-बिबळेश्वर काही नाही. सकाळचं पाणी आणि संध्याकाळचं पाणी यांच्या मधल्या वेळात तुमचे आजोबा मला सायकलवर पुढे बसवून वसईच्या किल्ल्यात घेऊन गेले. छप्पर नसलेल्या चर्चमध्ये आम्ही उभे राहिलो. भिंतीतून वडाची मुळं खाली आली होती, त्यांकडे बोट दाखवून आजोबा म्हणाले, "बघ, याला कोणी पाणी लावत नाही." मग घड्याळ बघितलं आणि आम्ही परत निघालो. तुम्ही वाचलेल्या नावांत हा किल्ला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून पाहिलेलं तेवढंच एक ठिकाण, आणि तेही घाईघाईत.

ताजमहालाची गोष्ट त्यानंतरची. तुमचे बाबा तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आळीतल्या वाडीवाल्यांनी मिळून दिल्ली-आग्र्याची सहल काढली. पाळी आजोबांची लागली. मी त्यांना केळीच्या वाळलेल्या पानात बांधून सुकेळी दिली, म्हणजे उन्हात वाळवलेली आमची राजेळी केळी. ती प्रवासात दिवसेंदिवस टिकतात. आणि मी इथे मुलाला, सासूबाईंना आणि वेलींना सांभाळत आग्र्याची वाट बघत बसले. मी ताजमहालाबद्दल पुष्कळ वाचलं होतं. घुमटाखाली एक शब्द बोललं तर तो कितीतरी वेळ वर फिरत राहतो, असं कुठल्याशा पुस्तकात होतं. ते खरं आहे का, हे मला जाणून घ्यायचं होतं.

आजोबा आले, आंघोळ केली, मळ्यात एक फेरी मारली आणि मग ओट्यावर बसले. मी विचारलं, "आत आवाज घुमतो का हो?"

"आत?"

"घुमटाखाली. आत."

"आत नाही गेलो."

मला वाटलं चेष्टा करताहेत. तेवढ्यात सहलीत बरोबर असलेले आळीतले एक काका कुंपणावरूनच ओरडले, "वहिनी, विचारा विचारा! आम्ही रांगेत उभे, आणि हे बागेत माळ्याच्या शेजारी उकिडवे! बसवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा उठले!"

"तो पाट बघत होतो," आजोबा म्हणाले. "दारापासून थेट ताजमहालापर्यंत पाण्याचा पाट आहे. एकदम सरळ. म्हटलं, हे पाणी चढतं कुठून? माळ्याला विचारलं. तो म्हणाला, पूर्वी नदीतून उचलायचे, वर टाक्या होत्या. मग त्याने झाडांच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेली आळी दाखवली. बोलता बोलता वेळ गेला."

"म्हणजे अख्खा ताजमहाल सोडून तुम्ही आळी बघितलीत?"

"ताजमहाल दिसत होता की. समोरच होता."

काका म्हणाले, "आम्ही आत गेलो वहिनी. चपला काढायला लावल्या."

त्यावर आजोबा शांतपणे म्हणाले, "मग पानमळाच की तो."

हा किस्सा आळीत वर्षानुवर्षं चालला. कुणाच्या घरी वास्तुशांत झाली की एकजण म्हणायचा, "यांना आत न्या हं, नाहीतर बागेतूनच परत जातील." आजोबांनी कधी मनावर घेतलं नाही. मी घेतलं. त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "मी इथे थांबते ती तुमच्या डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून. तुम्ही माझ्यासाठी काही बघून आला नाहीत तर मी थांबले कशासाठी?" आजोबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "तू मला आधी सांगितलं नव्हतंस की तुला काय हवंय."

ते खरं होतं. म्हणून त्या दिवसापासून आमच्यात असं ठरलं की जो वाडीत थांबतो त्याने जाणाऱ्याला एक प्रश्न द्यायचा. एकच. आणि जाणाऱ्याने बाकी काय वाटेल ते बघावं, पण त्या एका प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

पुढे आजोबा खजुराहोला गेले तेव्हा मी विचारलं होतं, देवळाच्या भिंतीवर अगदी खालच्या पट्ट्यात काय कोरलंय? सगळी मंडळी वर बघत होती. का बघत होती ते तुम्ही थोडे मोठे झालात की कळेल. आजोबा मात्र खाली बसून देवळाभोवती फिरले. आल्यावर त्यांनी मला हत्ती सांगितले, घोडे सांगितले, सैनिक, शिकारी, वादक सांगितले. एक हत्ती मान वळवून हसतोय, हे सांगताना तर स्वतःच मान वळवून दाखवली. मी खजुराहोला कधी गेले नाही, पण तो हत्ती मला कुठेही ओळखता येईल. अर्थात आजोबांनी तिथेही स्वतःचं केलंच. एक अख्खा दिवस मंडळींना सोडून ते जवळच्या महोब्याला गेले, कारण महोब्याचं पान नावाजलेलं आणि तिथले पानमळे त्यांना बघायचे होते. येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून वेलीचा एक तुकडा आणला. कुंपणावरचे काका म्हणाले, "खजुराहोला जाऊन पानं बघून आलेला अख्ख्या हिंदुस्थानात हा एकच!"

माझी पाळी यायची ती शाळेच्या सुट्टीत, बरोबरच्या शिक्षिकांच्या सहलीला. मी व्यवस्थित बाई. नकाशा, वेळापत्रक, औषधं, सगळं नीट घेणार. आजोबांचे प्रश्न मात्र कुठल्याच गाइडबुकात नसायचे. रामेश्वरला निघाले तेव्हा ते म्हणाले, "देऊळ समुद्राला लागून आहे म्हणतात आणि आवारात विहिरी आहेत. पाणी गोडं की खारं, एवढं बघून ये." त्या वर्षी आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात पहिल्यांदा मचूळ लागलं होतं, म्हणून त्यांना ते हवं होतं. रामेश्वरला एकेका विहिरीपाशी बादलीने डोक्यावर पाणी ओततात. बाकीच्या बायका हात जोडून डोळे मिटत होत्या, आणि मी प्रत्येक बादलीतलं ओंजळभर घेऊन तोंडात टाकत होते. आमच्या गणिताच्या बाई ओल्या साडीत कुडकुडत म्हणाल्या, "अहो बाई, पुण्य घ्यायचं सोडून चव काय घेताय?" मी म्हटलं, "पुण्य मला, चव ह्यांना." काही विहिरी गोड्या होत्या, काही मचूळ, आणि त्या एकमेकींपासून चार पावलांवर होत्या. हे ऐकून आजोबांना किती बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही. समुद्राशेजारी विहीर गोडी राहू शकते, एवढंच त्यांना कुणाकडून तरी हवं होतं.

आता हंपीचं सांगते. माझं सगळं तिथे अडलं आहे.

हंपीला जाताना आजोबांचा प्रश्न साधाच होता: "तिथे केळी कुठल्या पाण्यावर पिकतात?" मी पडकी देवळं, दगडी रथ, राजवाड्याचे चौथरे, सगळं पाहिलं. आणि मग दोन पडक्या दगडी मंडपांच्या मधून वाट खाली उतरली आणि समोर केळीची बाग आली. आपल्यासारखीच. पडक्या खांबाला टेकून घड लोंबत होता. बाजूने एक पाट चालला होता, दगडांनी बांधलेला, आणि त्यात पाणी होतं. तिथल्या एका बाईला मी खुणेने विचारलं. तिने पडक्या देवळाकडे बोट केलं, मग पाटाकडे. आमच्याबरोबरच्या गाइडने सांगितलं की हे कालवे राजांच्या वेळचेच. शहर गेलं, राजे गेले, पण पाणी त्याच वाटेने केळींना येतं.

परत आल्यावर मी हे ओट्यावर सांगत होते. आजोबा पानं निवडून गड्ड्या बांधत होते. हात थांबले.

"अजून वाहतो?"

"वाहतो. मी हात घालून बघितला."

"आवाज येत होता पाण्याचा?"

"नाही. गुपचूप चाललं होतं."

"म्हणजे उतार बेताचा ठेवलाय. शहाणी माणसं होती." मग जरा वेळाने, "गाळ कोण काढतं?"

"ते मी नाही विचारलं. एकच प्रश्न ठरला होता."

ते हसले. पण त्या संध्याकाळी पाणी लावताना मी त्यांना पाहिलं. पाटाच्या तोंडाशी ते नुसते उभे होते, बारं फोडून वेलींकडे पाणी सोडायचं विसरून. खजुराहोचा हत्ती त्यांनी माझ्यासाठी पाहिला होता, ताजमहालाचा पाट त्यांनी स्वतःसाठी पाहिला होता. हंपी त्यांची होती आणि ती पाहून आले होते मी. ज्याची जागा त्याने पाहिली नाही, असं मला वाटत राहिलं. ते आजही वाटतं.

मध्ये बरीच वर्षं गेली. तुमचे बाबा शिकून तिकडे गेले. पापडीच्या बाजूला, स्टेशनच्या बाजूला, आणि मग आमच्या आळीच्या टोकापर्यंत इमारती आल्या. प्रत्येक इमारतीला बोअर. आमचं पाणी आधी मे महिन्यात मचूळ व्हायचं, ते मार्चपासून व्हायला लागलं. पानवेलीला खारं चालत नाही. एकेक रांग गेली. आजोबा दर वेळी म्हणायचे, "ही जुनीच झाली होती." आता एक रांग उरली आहे, विहिरीच्या सावलीची. तिच्यातून घरच्या विड्यापुरती आणि देवापुरती पानं मिळतात. तिच्यावर कुणाचं पोट नाही. तरी ते दोन्ही वेळ तितक्याच नेमाने पाणी लावतात.

गंमत म्हणजे आता लोक आमच्याकडे बघायला येतात. मागच्या हिवाळ्यात मुंबईकडची काही तरुण मुलंमुली कॅमेरे घेऊन फाटकाशी आली. "अंकल, अंदर आ सकते हैं? बस दो मिनट, फोटो निकालना है." आजोबा म्हणाले, "या. चपला तिकडे." त्यांना वाटलं देऊळ आहे. आत येऊन विचारायला लागली, "अंकल, मंदिर किधर है?" आजोबांनी वेलीची रांग दाखवली. एक मुलगी आजोबांच्या शेजारी उकिडवी बसून आळ्यातलं पाणी मुरताना बघत राहिली. तिचे मित्र किल्ला बघायचा राहील म्हणून हाका मारत होते, तरी ती उठेना. तिला फाटकापर्यंत सोडून आल्यावर मी म्हटलं, "तुमची आग्र्याची बस आठवली." आजोबा म्हणाले, "तिला कळलं असेल काहीतरी."

त्या दिवसापासून हे माझ्या मनात घोळत होतं. आणि आणखी एक गोष्ट झाली. माझ्या धाकट्या जाऊबाईच्या मुलाने विरारला पूर्वेकडे चंदनसारला फ्लॅट घेतला. दीर गेल्यापासून जाऊबाई एकटीच राहते, आणि मुलगा म्हणतोय की उन्हाळ्यानंतर तिकडेच चल. म्हणजे विहिरीच्या पलीकडे दिवा असण्याचा हा बहुधा शेवटचा हिवाळा. आम्हाला दोघांना जायचं असेल तर ते याच डिसेंबरात.

तुमचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विहीर ओलांडून तिच्याकडे गेले. ती भाजी चिरत होती.

मी म्हटलं, "डिसेंबरात चार-पाच दिवस आमच्या वेलींना पाणी लावशील?"

तिने सुरी खाली ठेवली. "ताई, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे."

"वेल मेली तर?"

"मेली तर मेली."

"हे तुम्ही म्हणताय. भाऊजींना विचारलंत?"

"नाही."

"छान! म्हणजे म्हातारपणी मला बोलणी खायला उभी करताय. आळीत पुन्हा दोन पंगती बसवायच्यात का?"

मी तिला सगळं सांगितलं. तिला माहीत नव्हतं असं त्यात फार नव्हतं. विहिरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाचं सगळं ऐकू येतं. ती पुन्हा भाजी चिरायला लागली. पण संध्याकाळी पाण्याच्या वेळी आपली आपण आमच्या वाडीत आली, चपला कुंपणाशी काढल्या आणि आजोबांसमोर उभी राहिली.

"भाऊजी, डिसेंबरात पाणी मी लावणार. तुम्ही दोघं जाऊन या."

आजोबा माझ्याकडे बघायला लागले. मी मोगऱ्याकडे बघायला लागले.

"एक अट आहे," जाऊबाई म्हणाली. "आल्यावर वेल जशी असेल तशी. चांगली असली तरी बोलायचं नाही, मेली तरी बोलायचं नाही."

"पाणी जास्त नाही लावायचं," आजोबा म्हणाले.

"हे बघा! अजून गेले नाहीत तर सुरू झालं!"

"तसं नाही. थोडी कोरडी राहिली तर चालेल. पण कूज..."

"भाऊजी, लग्न होऊन आल्यापासून मी याच विहिरीचं पाणी लावते. माझ्या एका तरी वेलीला तुम्ही पाणी घातलंत का? मग त्या जगल्या कशा?"

जाऊबाई चपला घालून गेलीसुद्धा.

मग दोन-तीन दिवस घरात त्यावर एक शब्द नाही. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. मी काही विचारलं नाही. आयुष्यभर मुलांना शिकवून मला एवढं समजलं आहे की पाटीवर उत्तर लिहायला घेतलेल्या मुलाच्या डोक्यावर उभं राहू नये. एका दुपारी मात्र मी पाहिलं की आजोबा जाऊबाईच्या वाडीत तिच्या वेलींपाशी उकिडवे बसले आहेत आणि बोटाने माती उकरून ओल किती खोल गेली आहे ते बघताहेत. ती दारात उभी राहून बघत होती, हसत होती आणि हाक मारत नव्हती.

त्या रात्री जेवताना आजोबा म्हणाले, "एक अडचण आहे."

मी विचारलं, "काय?"

"दोघंही गेलो, तर प्रश्न कोण देणार?"

तेव्हा मला कळलं की ते येणार आहेत.

प्रश्न अर्थातच जाऊबाईने दिला. जो थांबतो त्याचा मान. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने आजोबांना बजावलं, "तिथे केळी वाळवतात का बघा. वाळवत असतील तर कशावर आणि किती दिवस. आणि तिकडचं काही उचलून आणून वाडीत लावायचं नाही." आजोबा म्हणाले, "हे दोन प्रश्न झाले." ती म्हणाली, "तुम्ही दोघं जाताय, म्हणून दोन."

तेव्हा नातवंडांनो, आता तुमचं काम. आमची आग्र्याची तिकिटं काढू नका. आग्रा तुम्ही चौघं, आईबाबांसकट, जाऊन या. दोघांनी एका मोठ्या प्रवासात हट्ट करायचा तर तो एकाच जागेसाठी करावा, आणि आमची जागा हंपी आहे. तुम्ही आग्र्याहून आलात की आपण सगळे मिळून हंपीजवळच्या होस्पेटची गाडी धरू. हंपीला आजोबांना डोंगरावर चढवायचं नाही, सूर्यास्त दाखवायला ओढायचं नाही. त्यांना पाटाशी बसू द्यायचं. वेळ लागेल. बस असेल तर बसवाल्याला सांगून ठेवायचं. मी त्यांच्याशेजारी बसणार आहे, आणि गाळ कोण काढतं ते तिथल्या कुणाला तरी विचारणार आहे.

आणि मी यंदा आग्र्याला येत नसल्यामुळे ताजमहालाच्या बाबतीत मी थांबणारी आहे. म्हणून तुम्हाला माझा प्रश्न. रांगेत उभे राहा, आत जा, आणि घुमटाखाली शब्द खरंच फिरत राहतो का ते ऐकून या. धाकटीने ऐकावं, तिचे कान तिखट आहेत. थोरल्याने बागेतला पाट बघावा आणि आजोबांना सांगावं की तो अजून सरळ आहे का.

तुम्ही याल तेव्हा काय काय गेलं आहे ते तुम्हाला दिसेलच, ते मी सांगत बसत नाही. जे आहे ते असं. विहीर आहे. उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं, हिवाळ्यात गोडं असतं. पानवेलींची एक रांग आहे आणि तिच्या टोकाची वेल महोब्याची आहे. पलीकडे जाऊबाई आहे. आजोबांचे गुडघे अजून उकिडवं बसू देतात.